पाचवीची रात्र

एखाद्याच्या मागे दारिद्र्य, दुखणे किंवा भांडण जन्मभर लागले, म्हणजे ते त्याच्या पाचवीला पुजले आहे, असे आपण सहज म्हणून जातो. बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्या वेळी ना पाटावरवंटा असतो, ना कोरा कागद, ना रात्रभर तेवणारा दिवा. परंतु हा वाक्प्रचार ज्या रात्रीतून निघाला, ती रात्र आपल्या आज्यापणज्यांच्या आयुष्यात फार धास्तीची असे. श्रोतेहो, आज मी आपणांशी बोलणार आहे ते त्या रात्रीविषयी. घरात पहिले मूल आले असता त्याच्या पहिल्या बारा दिवसांत वडीलधारी माणसे मनातून कशाला भीत होती, ती भीती कितपत खरी होती आणि पुढे ती कशी ओसरली, हा या बोलण्याचा विषय आहे.

विधी आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. जन्मापासून पाचव्या रात्री, काही घरी सहाव्या रात्री, तर काही घरी दोन्ही रात्री, बाळंतिणीच्या खोलीत सटवाईची पूजा मांडतात. कोठे वरवंट्यालाच देवी मानतात, कोठे टाक किंवा सुपारी ठेवतात. शेजारी कोरा कागद आणि लेखणी असते. कित्येक ठिकाणी विळा किंवा कोयताही असतो. घरातील व शेजारच्या बायका जागरण करतात, दिवा मालवू देत नाहीत, आणि बाळाला क्षणभरही एकटे सोडीत नाहीत. मध्यरात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे प्राक्तन लिहून जाते, अशी समजूत आहे. तिचे अक्षर कोणालाही वाचता येत नाही; आईलाही नाही.

इंग्रजी शिकलेल्या पहिल्या पिढ्यांनी हा सारा प्रकार बायकांचे खूळ म्हणून हसण्यावारी नेला. मला मात्र हसू येत नाही. देवी कोणती आणि ती काय लिहिते, हा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवावा आणि जागरणाची तिथी तेवढी पाहावी. पाचवी किंवा सहावी रात्रच का? दुसरी का नाही? विसावी का नाही?

सटवाई ही आपल्याकडचीच ग्रामदेवता आहे, असे पुष्कळांना वाटते. पण तिचे घराणे फार जुने आहे. सटवी, सटवाई ही नावे संस्कृत षष्ठी या शब्दापासून आली. षष्ठी म्हणजे सहावीची देवी. बंगालमध्ये ती आजही षष्ठी याच नावाने पूजिली जाते. सातव्या शतकातील बाणभट्टाने कादंबरीत राजपुत्राच्या जन्माचे वर्णन करताना सूतिकागृहात षष्ठीदेवीची प्रतिमा आवर्जून दाखविली आहे. बालरोगांवरील काश्यपसंहिता या ग्रंथातही षष्ठीची पूजा सांगितली आहे. हा ग्रंथ शतकानुशतके हरवल्यासारखाच होता; नेपाळात त्याचे खंडित हस्तलिखित सापडून तो १९३८ साली छापला गेला. राजवाड्यापासून झोपडीपर्यंत, आणि वैद्याच्या पोथीपासून आजीच्या ओटीपर्यंत, ही एकच देवी एकाच रात्री येत होती, असे दिसते.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात याहून बोलका पुरावा आहे. गर्भिणीला नववा महिना लागण्यापूर्वीच सूतिकागृह सिद्ध करावे, त्यात कोणते पदार्थ आणि कोणती उपकरणे असावीत, याची तेथे तपशीलवार यादी आहे. ज्यांना स्वतःला पुष्कळ मुले झाली आहेत, ज्या मायाळू आणि न कंटाळणाऱ्या आहेत, अशा स्त्रिया जवळ असाव्यात, असे सांगितले आहे. नाळ नाभीपासून आठ अंगुळांवर खूण करून सोने, रुपे किंवा लोखंड यांच्या धारदार शस्त्राने कापावी, असे आहे. खोलीभोवती खैर, बोर इत्यादींच्या फांद्या लावाव्यात, मोहरी आणि तांदळाच्या कण्या टाकाव्यात, उंबऱ्यात मुसळ आडवे ठेवावे, वेखंड, हिंग, लसूण यांची पुरचुंडी दाराच्या वर बांधावी, असेही आहे. आपल्या घरांत तान्ह्या मुलासाठी वेखंड आणतात ना, ते इतके जुने आहे. आणि यापुढे चरक जे सांगतो ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दहा किंवा बारा दिवसपर्यंत या स्त्रियांनी आणि इष्टमित्रांनी बाळंतिणीजवळ रात्री जागत बसावे, असा त्याचा स्पष्ट आदेश आहे. मुलाचे नाव दहाव्या किंवा बाराव्या दिवशी ठेवावे, असे मनुस्मृतीही म्हणते. म्हणजे आधी पहारा, मग नाव, असा हा क्रम आहे.

आता ही तिथी आजच्या वैद्यकाच्या शेजारी ठेवून पाहा. नवजात मुलास होणारा धनुर्वात बहुधा तिसऱ्या आणि चौदाव्या दिवसांच्या दरम्यान प्रकट होतो, आणि त्यातही सातव्या दिवसाच्या आसपास तो अधिक आढळतो. मूल पहिले दोन दिवस चांगले अंगावर पिते. कोणाला काही शंकाही येत नाही. मग ते दूध ओढीनासे होते, जबडा आवळतो, थोडा आवाज झाला किंवा उजेड पडला तरी अंग ताठते आणि देह धनुष्यासारखा वाकतो. पूर्वी त्यावर कसलाही उपाय नव्हता. नाभी पिकून होणारा रक्तदोष आणि कमी दिवसांच्या मुलांचे मृत्यू हेही याच पंधरवड्यात अधिक होत. तेव्हा पाचव्या-सहाव्या रात्री दिवा लावून जागणाऱ्या बायकांना रोगाचे कारण ठाऊक नव्हते, परंतु त्याची वेळ पक्की ठाऊक होती, असा तर्क करावयास माझ्या मते भरपूर आधार आहे. बारशाच्या आधी नाव न ठेवण्यातही हीच सावधगिरी असावी. नाव ठेवले की माणूस झाला; बाराव्यापर्यंत ते नुसते बाळ असते.

ही गोष्ट केवळ आपल्याच देशातील अज्ञानाची आहे, असे समजण्याचे कारण नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरात सेंट किल्डा नावाचे एक लहानसे बेट आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे जन्मलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले याच रोगाने दगावत, आणि बेटावरचे लोक त्याला 'आठ दिवसांचे दुखणे' म्हणत. तेथे सटवाई नव्हती. ईश्वराची इच्छा म्हणून लोक गप्प बसत. अखेर तेथील पाद्री अँगस फिडिस याने ग्लासगोस जाऊन निर्जंतुक रीतीने नाळ कशी हाताळावी याचे शिक्षण घेतले, ते बेटावर लागू केले, आणि १८९० नंतरच्या थोड्याच वर्षांत ते दुखणे तेथून नाहीसे झाले. औषध कसलेच नव्हते. फक्त हात आणि शस्त्र स्वच्छ झाले होते.

आपल्याकडे ते शस्त्र म्हणजे पुष्कळदा घरातला विळा, कोयता किंवा बांबूची कामटी असे. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात, हे १८८० नंतरच्या दशकात जर्मनीत सिद्ध झाले. १८८९ साली कितासातो या जपानी शास्त्रज्ञाने बर्लिनमध्ये ते जंतू वेगळे काढून दाखविले. शेणाने सारवलेली जमीन, गवत कापणारा विळा आणि नाळेवर लावलेली राख किंवा माती, यांतून मृत्यू बाळाच्या अंगात शिरत होता. ज्या विळ्याने तो शिरला, तोच विळा पाचवीच्या रात्री कित्येक घरी पूजेत मांडलेला असे. यापेक्षा करुण चित्र मला दुसरे सुचत नाही.

या साऱ्याचे खापर त्या काळच्या डॉक्टरांनी सुइणीच्या माथी फोडले. तिचे हात मळके, तिची नखे वाढलेली, तिच्या समजुती रानटी, अशी वर्णने जुन्या अहवालांतून पानोपानी आढळतात. त्यांत तथ्य होतेच. पण तिला आपण काय देत होतो? बाळंतीण विटाळात, म्हणून घरातील सर्वांत अंधारी, वारा न येणारी खोली तिची. जे कापड वापराल ते पुढे टाकून द्यावयाचे, म्हणून जुनेरे आणि चिंध्या. नाळ कापणे हलके काम, म्हणून ते करणारीही आपण हलकी मानलेल्या जातीची. तिला दिलेल्या लुगड्यात आणि शेरभर तांदळात आपले औदार्य संपत असे. आणि ज्ञानी म्हणविणाऱ्यांची स्थिती कोठे निराळी होती? व्हिएन्नाच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात सुइणी शिकत, दुसऱ्यात डॉक्टर शिकत. बाळंतिणी अधिक मरत त्या डॉक्टरांच्या विभागात, कारण ते शवविच्छेदन करून त्याच हातांनी प्रसूतीस येत. एप्रिल १८४७ मध्ये तेथे शंभरांत १८ स्त्रिया दगावल्या. सेमेलवाइस याने चुनखडीयुक्त क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली, आणि जुलैत ते प्रमाण शंभरास एकाच्या घरात आले. त्याच्या वरिष्ठांना हे पटले नाही, हा भाग आणखी दुःखाचा.

महाराष्ट्रात या अंधाऱ्या खोलीचे दार आतून उघडू पाहणारी पहिली व्यक्ती म्हणून आनंदीबाई जोश्यांचे नाव घ्यावे लागते. १८६५ साली कल्याणास त्यांचा जन्म झाला. नवव्या वर्षी विवाह झाला आणि चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या. मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. बाराव्याच्या आत गेलेल्या असंख्य मुलांपैकी तो एक. परंतु त्याच्या आईने सटवाईचे अक्षर मुकाट्याने मान्य केले नाही. योग्य उपचार मिळाले असते तर मूल वाचते, ही जाणीव त्यांच्या मनात घर करून राहिली. १८८३ साली त्या अमेरिकेस गेल्या आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. जी पोथी त्यांच्या घरच्या बाळंतपणात कोणाच्या कामास आली नव्हती, तीच पोथी समुद्रापलीकडे नेऊन त्यांनी तपासली. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. पण तेथे काम सुरू करण्यापूर्वीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यास क्षयाने त्यांचा अंत झाला.

सर्वच मुलांची वाट पाहिली जात होती, असेही नाही, आणि हे सांगितल्यावाचून या विषयाचा इतिहास खरा होणार नाही. विधवेच्या पोटी आलेल्या मुलासाठी पाचवी नव्हती आणि बारसे नव्हते; विहीर किंवा उकिरडा होता. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह उघडले. कोणीही यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवावे, अशी तेथे सोय होती. १८७४ साली काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला तेथे झालेला मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात आईबरोबर रोग्यांची सेवा करीत राहिला, आणि त्याच साथीत सावित्रीबाई गेल्या. पहिल्या अपत्याचे स्वागत कसे करावे, याचा धडा हवा असेल तर तो मला या घरात सर्वांत मोठा दिसतो.

पुढील काळात दारे एकामागून एक उघडत गेली. १८८५ साली डफरिन फंड निघाला, १८८६ साली मुंबईत केवळ स्त्रियांनी चालविलेले कामा रुग्णालय सुरू झाले. १९०३ साली सुइणींना शिक्षण देण्यासाठी लेडी कर्झनच्या पुढाकाराने निराळा निधी उभारला गेला. पुण्यास १९०९ साली स्थापन झालेल्या सेवासदनातून रमाबाई रानड्यांनी परिचारिका तयार केल्या. त्यांत विधवा पुष्कळ होत्या. जिला ओटी भरावयास कोणी पुढे होऊ देत नव्हते, तिच्याच हाती अनोळखी घरांची पहिली बाळे पडू लागली, याची नोंद इतिहासाने थोडी ठळक करावयास हवी होती.

तथापि मुंबईच्या चाळींतून उजेड पोहोचावयास वेळ लागला. १९२१ साली शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सुमारे ६६६ अर्भकमृत्यू लिहिले गेले. हा आकडा ऐकून अंगावर काटा येतो; मात्र तो जसाच्या तसा घेऊ नये. गिरणीतली बाई बाळंतपणास कोकणात किंवा घाटावर माहेरी जाई, तेव्हा जन्म गावी लिहिला जाई. ती मुलासह परतली आणि मूल दगावले, तर तो मृत्यू मुंबईच्या खाती पडे. ही सूट देऊनही जे उरते ते भयंकरच आहे. १९२६ साली परळ येथे वाडिया प्रसूतिगृह उघडले ते या गिरणगावासाठीच. बाळंतिणीला पगारी रजा मिळावी हे ना. म. जोशी यांचे विधेयक दिल्लीच्या कायदेमंडळात फेटाळले गेले होते. मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी अशाच विधेयकाचे समर्थन केले, आणि १९२९ साली कायदा झाला.

धनुर्वाताविरुद्धची लस गर्भिणीला टोचली की तिचे संरक्षण पोटातल्या मुलालाही मिळते. १९८५ पासूनच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ही लस गावोगाव गेली, रुग्णालयात प्रसूत होणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढली, आणि २०१५ साली माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यात आले. वृत्तपत्रांत ही बातमी आली आणि गेली. ज्या रात्रीसाठी शेकडो पिढ्या जागल्या, त्या रात्रीचा सर्वांत मोठा वैरी हरला होता. पण त्या दिवशी कोठे पेढे वाटल्याचे ऐकिवात नाही.

भीती गेली, पण तिच्याबरोबर आलेल्या साऱ्याच गोष्टी जावयास हव्यात काय, हा प्रश्न नव्या आईबापांपुढे खरोखरीचा आहे. काही तर बिनदिक्कत टाकाव्यात. बंद खोलीतील कोळशाची शेगडी आणि धुरी बाळाच्या छातीस अपायकारक. जन्मतः मध चाटविण्याची चालही तशीच. वर्षाच्या आतील मुलास मध देऊ नये असे आज निश्चित सांगितले जाते. पहिले चिकाचे दूध काढून टाकीत, तेही चूक. ते जन्मापासून तासाभरात द्यावे. गंमत अशी की, सुश्रुताने आईचे दूध तीन-चार दिवसांनी येते म्हणून तोपर्यंत मधतुपावर भिस्त ठेवली, तर चरकाने मधतूप चाटवून लगेच मूल आईच्या उजव्या स्तनाशी लावावयास सांगितले. शास्त्रकारांतही एकवाक्यता नव्हती, आणि आपण मात्र शास्त्र म्हणून नको ते उचलले.

पण ते जागरण? शहरातल्या दोन खोल्यांच्या घरात तिसऱ्या दिवशी रुग्णालयातून बाळ येते. माहेरी जाणे आता प्रत्येकीला साधत नाही. तिची आई स्वतः नोकरीत असते किंवा दूर असते. पहिलटकरीण आणि तिचा नवरा, दोघेच. पूर्वी बापाला या खोलीत मज्जाव होता; तो सासुरवाडीच्या ओटीवर बसे किंवा बारशालाच येई. आज तो रात्री दोन वाजता बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घालतो, ही मला या शतकातील फार चांगली गोष्ट वाटते. तथापि चरकाने ज्या दहा-बारा रात्रींसाठी अनेक अनुभवी स्त्रिया आणि इष्टमित्र नेमले होते, त्या रात्री आता झोपेला आचवलेली दोनच माणसे काढीत आहेत. याच दिवसांत पुष्कळ नव्या आयांना कारणावाचून रडू येते, मन उदास होते; बहुतेकींचे ते दोन आठवड्यांत निवळते, पण जिचे निवळत नाही तिला डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे. ही उदासी ओळखावयास कोणी तरी जवळ बसलेले असावे लागते. शेजारीण पाचवीच्या निमित्ताने डिंकाचे लाडू घेऊन आली, आणि 'तू जरा नीज, मी बसते बाळाजवळ' असे म्हणाली, तर सटवाईवर विश्वास नसलेल्या घरानेही तिला दारातून परतवू नये.

आणि नावाची घाई कोणी करू नये. जन्माची नोंद करावयास नाव लागत नाही. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याने बाळाचे नाव मागाहून घालण्याची मुभा ठेवली असून वर्षाच्या आत त्यास शुल्कही पडत नाही. तोवर रुग्णालयाच्या कागदावर आणि बाळाच्या मनगटावरील पट्टीवर आईचे नाव असते, आणि त्याच्या आधी एवढेच लिहिलेले असते, की हे अमकीचे बाळ.